गावाकडून कोकणात: कासवं, डॉल्फिन आणि ताटातले मासे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलं आहे. कापूस विकून झाला की मार्चमध्ये घरचे ११ जण मिळून कोकणात जायचं. हाताशी पाच दिवस. यादीत वेळास, दापोली, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली आणि जमलंच तर गोवा. कासवाची पिल्लं आणि डॉल्फिन ‘नक्की’ दिसले पाहिजेत. आई माळकरी, वडिलांना बीपी, लेकरं ८ आणि १२ वर्षांची. बाकीच्यांना मासे खायचे आहेत, पण नदीच्या माशापलीकडं कोणाला काही ठाऊक नाही.

भाऊ, मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात राहतो. नावातच समुद्र, पण उन्हाळ्यात नाल्यालाही पाणी नसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि गेली १४ वर्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या भागातली माणसं कोकणात नेतोय. धंदा म्हणून नाही, पण आता धंद्याइतकंच कळतं. म्हणून आधी तुमची यादी कापतो. पाच दिवसांत जाणं-येणं धरून वेळास ते गोवा म्हणजे बसच्या खिडकीतून समुद्र बघणं. आपल्याकडच्या माणसाला वाटतं, एवढ्या लांब आलोच आहोत तर सगळं उरकून घेऊ. तिथंच सहल बिघडते. एक तर दापोली-वेळास करा, नाही तर मालवण-तारकर्ली. कासवाची पिल्लं बघायची असतील तर दापोली-वेळास. आणि पाचाचे सात दिवस करा, कारण दोन दिवस नुसते गाडीत जातात.

दुसरं म्हणजे तो ‘नक्की’ शब्द घरी ठेवून या. ताडोबाला जाऊन वाघ न बघता परत आलेले तुमच्या गावातही असतील. समुद्राचंही तसंच आहे, फक्त एक फरक आहे. जंगल आपल्यासाठी जागचं हलत नाही, समुद्र मात्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो. ते वेळापत्रक समजलं की निम्मं काम झालं.

हे मी कसं शिकलो ते सांगतो, फजिती माझीच आहे. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी दापोलीच्या बाजूला एका किनाऱ्यावर आम्ही दुपारी दोनच्या सुमारास पोहोचलो. वाळू अशी टणक की पोट्ट्यांनी त्यावर क्रिकेट मांडलं. मी ड्रायव्हरला म्हटलं, घे गाडी खाली, म्हाताऱ्यांना चालायला नको. तासाभरात वाळूत ओल चढायला लागली, मागची चाकं खचली आणि जितका जोर लावला तितकी गाडी खोल गेली. पाणी टायरपासून दहा हातांवर. एक म्हातारे खारवी जाळं शिवत बसले होते, ते उठून आले. गाडीकडं बघितलंच नाही, मला विचारलं, ‘आज तिथी कोणती?’ मी म्हटलं, पंचमी. ‘मग पावणेचारला भरती पुरी होणार. ट्रॅक्टर बोलवा, लवकर.’ ट्रॅक्टर आला, गाडी निघाली, वर बोलणीही बसली. रात्री त्यांच्या ओट्यावर जाऊन विचारलं, घड्याळही न बघता तुम्ही पावणेचार कसे सांगितले?

हिशेब पहिलीच्या पोराला जमेल असा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटेही साधारण तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहल आखायला एवढं पुरतं. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढं सरकते, त्यातून ही पाऊणपट आली. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात लांब ओसरतं, त्याला तिकडं उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार कमी, तो भांग. आपल्या घरी भिंतीवर कॅलेंडर असतंच. एकादशीसाठी रोज बघतो, तेच समुद्रासाठी बघायचं.

आता तुमच्या तारखा. कापसाचा शेवटचा वेचा, तूर, मग हरभऱ्याची काढणी, यातून तुम्ही मोकळे होणार मार्चच्या मध्याला. कासवांच्या दृष्टीनं हे बरंच आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या कोकणच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पिल्लं दिसण्याची संधी चांगली. फक्त फाल्गुन पौर्णिमेच्या मागचे-पुढचे तीन-चार दिवस सोडा. कोकणात शिमगा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा. मुंबईचे चाकरमानी गावी येतात, एसटीत पाय ठेवायला जागा नसते, आणि ज्यांच्या घरी तुम्ही उतरणार ते ग्रामदेवतेच्या पालखीच्या मागं. पालखी नाचवताना बघायचीच असेल तर गोष्ट वेगळी, ती बघण्यासारखी असते. पण ११ जणांची सोय त्या दिवसांत होणार नाही.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं गाव, नाना फडणवीसांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, २००२ मध्ये तिथं कासवांचं काम सुरू केलं. त्याआधी किनाऱ्यावरची अंडी काढून खायची किंवा विकायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांची. ज्यांना वाळूतला माग बघून घरटं शोधता यायचं, त्यांनाच पुढं राखणीला घेतलं. आता हे काम वनविभाग आणि गाव मिळून बघतात, किनारा सांभाळणाऱ्यांना कासवमित्र म्हणतात. पहाटे किनारा फिरून ते घरटं शोधतात, अंडी अलगद काढून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरतात. अंजर्ले आणि गुहागरलाही हेच चालतं. राहायची सोय गावातल्या घरांतच. हॉटेलची अपेक्षा ठेवू नका. खाली गाद्या, अंगणात तोंड धुवायला पाणी, आणि रात्री नऊला गाव झोपलेलं.

सकाळी सातच्या आत किनाऱ्यावर पोहोचायचं. कुंपणात घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, प्रत्येकीजवळ तारखेची पाटी. कासवमित्र एकेक टोपली उचलून बघतो. बहुतेकांखाली नुसती वाळू. मग एखाद्या टोपलीखाली वाळू मध्यभागी थोडी खचलेली दिसते, चाळणीत पीठ बसावं तशी. तिथं बघत राहायचं. आधी एक काळपट नाक, मग एक पंख, मग वाळू झटकत एक अख्खं पिल्लू, आपल्या अंगठ्यापेक्षा जरासं मोठं. त्याच्या मागून दुसरं. त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात, थेट पाण्यात नाही. ते अंतर त्यांनी स्वतःच चालायचं. पहिली लाट आली की पिल्लू उलटं फेकलं जातं, पुन्हा वळतं, पुन्हा चालतं. तिसऱ्या-चौथ्या लाटेला ते दिसेनासं होतं. एवढंच. सगळा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा. माझ्याबरोबरची एक आत्याबाई, जन्मात कोणाशी हळू न बोललेली, ती सगळा वेळ कुजबुजत होती.

आपली लेकरं हटकून म्हणणार, ‘कासव तं आपल्या विहिरीतबी हाय.’ आपल्याकडं विहिरीत कासव सोडायची रीत आहेच. त्यांना फरक दाखवा. विहिरीतलं कासव डोकं-पाय आत ओढून घेतं, समुद्री कासवाला ते जमत नाही. त्याला पाय नाहीत, वल्ह्यासारखे पंख आहेत. १२ वर्षांच्या लेकराला आणखी एक सांगता येईल. अंड्यात नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्या जास्त.

आणि हे तर मी दरवेळी सांगतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये पंखाला धातूचा बिल्ला मारलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला येऊन अंडी घालून गेली. नकाशावर ओडिशाचा तो किनारा आणि गुहागर यांच्यात पट्टी ठेवली तर रेघ आपल्या गडचिरोलीतून, अहेरी-सिरोंच्याच्या मधून जाते. तिला अख्खा दक्षिण भारत वळसा घालावा लागला, साडेतीन हजार किलोमीटरच्या वर.

पिल्लं निघतीलच असं नाही. मी दोन वर्षं रिकाम्या हातानं परतलोय. म्हणून वेळासला दोन रात्री ठेवा, म्हणजे दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी मिळतात, कारण संध्याकाळीही सहाच्या सुमारास घरटी तपासतात. निघण्याआधी ज्या घरी उतरणार तिथं फोन करून विचारा की चालू आठवड्यात किती घरट्यांची मुदत भरते आहे. ते बरोबर सांगतात. रात्री किनाऱ्यावर बॅटरी, मोबाइलचा फ्लॅश अजिबात नको. पिल्लू उजेडाकडं चालतं. मोकळ्या समुद्रावर आकाश थोडं उजळ असतं म्हणून ते पाण्याकडं जातं. तुमच्या बॅटरीचा उजेड दिसला तर ते उलटं गावाकडं निघेल. हात लावणं तर दूरच. वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला वाघाइतकंच संरक्षण आहे, दोघंही पहिल्या अनुसूचीत.

वेळासचे दोन दिवस सोडून बाकीचे दापोली तालुक्यातल्या अंजर्ले-हर्णै-मुरूड या पट्ट्यात काढा. डॉल्फिन तिकडेच बघायचे. कोकणात किनाऱ्याजवळ दिसतात ते पाठीवर वशिंड असलेले, करड्या रंगाचे. वशिंड म्हटलं की आपल्या माणसाला लगेच कळतं. टीव्हीवरच्यासारखे ते उड्या मारत नाहीत. श्वास घ्यायला वर येतात, कारण तो मासा नव्हे, लेकराला दूध पाजणारा जीव आहे. आधी पाठ दिसते, मग वशिंड, मग पुन्हा पाणी. दोन-तीन सेकंद. सकाळी साडेसहा-सातची पहिली होडी घ्या, तेव्हा वारा पडलेला असतो आणि सपाट पाण्यावर पाठ लांबून ओळखू येते. अकरानंतर वारा सुटला की सगळ्याच लाटा डॉल्फिन वाटायला लागतात.

होडीवाला निवडताना एकच परीक्षा. ‘डॉल्फिन नाही दिसला तर पैसे परत’ असं जो म्हणेल त्याच्या होडीत बसू नका. तो पैसे वाचवायला त्यांच्या मागं इंजिन पळवणार. ताडोबात एका वाघाभोवती वीस जिप्स्या उभ्या राहतात तेव्हा कसं वाटतं ते आठवा. उलट होडीवाल्याला चढण्याआधीच सांगायचं, ‘भाऊ, दिसले की इंजिन बंद करा, आम्ही थांबतो.’ चांगला खलाशी असेल तर खूष होतो. आमच्या एका फेरीत असं इंजिन बंद करून बसलो, आणि पहिल्यांदा डॉल्फिन ऐकू आला. बैल नाकातून फुर्र करतो ना, तसा. लाइफ जॅकेट ११ जणांना ११, मोजून, आणि बंद लावून. लेकरांच्या मापाचं नसेल तर होडी सोडून द्या. वडिलांना होडीत मधल्या फळीवर बसवा, पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त आदळतं, आणि बीपीची गोळी चुकवू देऊ नका.

तारकर्लीला जाऊन पाण्याखाली बघायचं, स्कूबा करायचं, हे तुमच्या यादीत दिसतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी, जिथं प्रवाळ आहेत, ते १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतं, २९ चौरस किलोमीटरचं. बघण्यासारखं आहेच, पण ते पुढच्या सहलीला ठेवा. तेव्हा तिथी अष्टमीच्या आसपासची धरा. भांगाला पाण्याची ओढ कमी, गाळ कमी उठतो, तळ स्वच्छ दिसतो. आणि बीपी, दमा, कानाचं दुखणं असलेल्यानं स्कूबाच्या फॉर्मवर खोटं ‘नाही’ लिहू नये. आपल्याकडची माणसं लिहितात, मी बघितलं आहे.

तुमच्या लेकरांसाठी मला त्याहून भारी वाटतो तो ओहोटीचा किनारा, आणि तो फुकट आहे. तिथी पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे एक-दोन दिवसांची असेल तर सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळीही तेवढ्यालाच पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. पहिल्या सकाळी आपली माणसं घाबरतात. ‘गुरुजी, राती होतं ते पानी कुठी गेलं जी?’ मग खडकांवर जायचं. पायात बूट हवेत, चप्पल घसरते आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी तळवा कापतो. खळग्यात अडकलेल्या पाण्याजवळ उकिडवं बसा आणि पाच मिनिटं हलू नका. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, त्यात राहायला आलेला खेकडा असतो. फुलासारखं काही दिसतं, त्यावर सावली पडली की मिटतं, ते फूल नाही, समुद्रफूल नावाचा प्राणी आहे. वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसेल. ती इवल्याशा खेकड्यांची. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाणं चोखतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतात. एका ओहोटीत अख्खा किनारा गोळ्यांनी भरतो, भरती येते आणि पाटी कोरी. खाडीच्या चिखलात निवट्या दिसतील, पाण्याबाहेर उड्या मारणारे मासे. काहीही उचलून खिशात घालायचं नाही. सुंदर नक्षीच्या शंकूसारख्या शंखाला तर बोटही लावू नका, त्यातल्या काहींचा डंख विषारी असतो. जेलीफिशचा चटका बसला तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

पोहण्याबद्दल मी कडक आहे, राग येऊ द्या. वर्धा नदीत, वैनगंगेत पोहणारा गडी समुद्रात पोहणारा नसतो. नदीची ओढ एका दिशेला असते, डोळ्यांना दिसते. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढत आत नेतं आणि वरून शांत दिसतं. भरती चढती असताना, गुडघ्यापर्यंत, गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागीच. ओहोटी लागली की बाहेर. नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी तर कधीच नाही. आणि पिलेल्या माणसाला मी पाण्याजवळ जाऊ देत नाही, मग तो माझा साडू असला तरी.

आता खाण्याचं, कारण निम्मे लोक त्यासाठीच येतात.

पहिल्या दिवशी आपल्या लोकांची निराशा ठरलेली. सावजीच्या रश्श्यावर वाढलेली जीभ, तर्री नाही तर भाजी नाही असं मानणारी. समोर येते नारळाची कढी, फिकट केशरी, वर तेलाचा थेंब नाही. माझ्याबरोबरचा एकजण म्हणाला होता, ‘याच्यात तिखट टाकायचं इसरले का जी?’ त्याला म्हटलं, दोन दिवस थांब. मसाल्यानं मासा झाकायचा नसतो तिकडं. आपण मरळ-रोहूला मसाला जास्त घालतो कारण गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येऊ शकतो. समुद्राच्या ताज्या माशाला तो नसतो, म्हणून हळद, मिरची, आमसूल, ओलं खोबरं पुरतं. तिसऱ्या दिवशी त्याच गड्यानं दोनदा कढी मागितली. दक्षिणेला, मालवणकडं, बांगड्याच्या कालवणात तिरफळ पडतं. ते चावायचं नाही, बाजूला काढायचं. जिभेला मुंग्या येतात.

सुरुवात कशानं करावी? ज्यानं काटा काढायची सवय नाही त्याला सुरमईचा तुकडा द्या, मधे एक मणका, बाकी सगळं मांस. मग बांगडा. ओला बोंबील तर हाडासकट विरघळतो. तारली चवीला उत्तम, पण बारीक काटे फार, लेकरांना नको. कोळंबी, कुर्ल्या म्हणजे खेकडे, तिसऱ्या म्हणजे शिंपले, हे पहिल्यांदाच खाणाऱ्यानं पहिल्या जेवणात दोन घास खाऊन थांबावं. आपल्याकडच्या पुष्कळांनी कवचाचा जीव कधी खाल्लेलाच नसतो, आणि कोणाला सोसत नाही हे खाल्ल्यावरच कळतं. ओठ सुजले, अंगावर गांधी आल्या, की पुन्हा त्या वाटेला जायचं नाही. श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना. पापलेटचा मान मोठा, भावही मोठा. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला राज्याचा मासा ठरवलं. पण ताटात तळहाताहून लहान पापलेट आलं तर मी परत पाठवतो. ते वाढलंच नव्हतं अजून, त्याला विकणाऱ्याइतकाच खाणाराही दोषी. मोरीचं मटण म्हणून वाढतात तो लहान शार्क. मी एकदा खाल्लं, आता खात नाही. शार्कला पिल्लं कमी होतात, फार उशिरा होतात.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव बघायला जा, ११ जणांत एकालाही कंटाळा येणार नाही. होड्या थोड्या आत उभ्या राहतात आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात जातात. हो, बैलगाड्या. आपल्या बंडीसारख्याच, बैल पोटापर्यंत समुद्रात, गाडीवान दांडीवर उभा. पहिल्या वेळी आमचे सगळे शेतकरी मासे सोडून बैलच बघत बसले. खारं पाणी खुरांना लागत असेल का, बैलाला चारा काय, गावरान आहे की आणलेला, अशी तासभर चौकशी. गाडीवानालाही बरं वाटलं, त्याला नेहमी फक्त फोटो काढणारे भेटतात.

लिलाव घाऊक असतो, त्यात आपण पडायचं नाही. बाजूला बायका वाटे लावून बसतात, वाट्यावर भाव करायचा. कल्ले उचलून बघा, लाल हवेत, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि चकचकीत. बोटानं दाबलं तर खळगा भरून आला पाहिजे. मांदेली, बांगडा, जो त्या दिवशी ढिगानं आला असेल तो घ्या, स्वस्तही आणि ताजाही. मग ज्या घरी उतरलात त्या वहिनींना सकाळीच विचारून ठेवलेलं असलं तर त्या करून देतात. न विचारता मासे घेऊन दारात उभं राहू नका. पुष्कळ घरांत सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला मासे शिजत नाहीत, काही घरांत कधीच नाही. वेळासला आम्ही उतरतो ते घर शाकाहारी आहे. म्हणून माशांचे दिवस हर्णै-मुरूडकडं ठेवायचे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात येतो तो बहुतेक बर्फातला किंवा बाहेरून आलेला.

आई माळकरी आहेत म्हणून त्यांचे हाल होतील असं समजू नका. मार्चमध्ये ओले काजू असतात. ओल्या काजूची उसळ हा प्रकार आपल्याकडं पैसे देऊनही मिळत नाही. फणसाच्या कोवळ्या कुयरीची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाची पिठी, घावणे, नारळाच्या रसातल्या शेवया, उकडीचे मोदक. फक्त आधीच सांगायचं, ‘आमच्या आईला माळ आहे, भांडी वेगळी लागतील.’ कोकणातल्या माणसाला माळ समजावून सांगावी लागत नाही. पोळीची मात्र सवय सोडा. तिथं भात आणि तांदळाची भाकरी. म्हाताऱ्या माणसांना ज्वारीवाचून चैन पडत नसेल तर दोन किलो पीठ बरोबर घ्या. आमच्या आत्याबाईंनी वेळासच्या चुलीवर ज्वारीची भाकर थापली तेव्हा घरची सून मोबाइल घेऊन शूटिंग करत होती. तिथून पुढं मी रिकाम्या हातानं जात नाही. घरची तूरडाळ, जवसाची चटणी, दिवसात असली तर संत्री. येताना आमसूल, कुळीथ आणि काजू. आपल्या तुरीच्या वरणात चिंचेऐवजी दोन आमसुलं टाकून बघा. सोलकढी पोटाला बरी, पण पहिल्याच दिवशी चार पेले नको. ‘गुलाबी ताक’ म्हणून प्यायलेल्या एकाला रात्रभर नारळाच्या दुधानं जागवलं होतं.

जायचं कसं, हे थोडक्यात. रेल्वेनं वर्ध्याहून किंवा बडनेऱ्याहून मुंबईकडं, कल्याण किंवा ठाण्याला उतरून कोकण रेल्वेनं खेड. दोन गाड्यांत पाच-सहा तास मोकळे ठेवा, आपली गाडी वेळेवर पोहोचेल या भरवशावर राहू नका. नागपूर-मडगाव विशेष गाडीही चालते, ती चालू असली तर बदलाबदल वाचते, तिकीट काढताना विचारा. खेडहून दापोली तासाभराची. ११ जणांना स्वतःची गाडी परवडते, समृद्धी महामार्ग आता थेट मुंबईच्या दारापर्यंत, नागपूरपासून ७०१ किलोमीटर. पण उन्हात त्या काँक्रीटवर जुने टायर घालून जाऊ नका आणि ड्रायव्हर दोन घ्या. परतीच्या वाटेवर अर्धा दिवस दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठासाठी ठेवा. आपल्या अकोल्याच्या पंजाबराव विद्यापीठाचंच भावंड. आंब्या-काजूच्या कलमांची रोपवाटिका बघायला आमच्या शेतकऱ्यांना डॉल्फिनइतकीच मजा आली. आईंसाठी अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, पायऱ्या आहेत, पण गाडी वरपर्यंत जाते.

सुकी मासळी आणायचा मोह होणारच. सोडे, जवळा, बोंबील, घ्या खुशाल. पण पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा पुन्हा प्लॅस्टिकमध्ये, आणि तो आईच्या पिशवीपासून लांब. एका वर्षी आमच्या रेल्वेच्या डब्यात कल्याणपासून वर्ध्यापर्यंत सोड्यांचा वास होता. शेजारचं जैन कुटुंब भुसावळला जागा बदलून गेलं. मी माफी मागितली, तरी अजून लाज वाटते.

तुम्ही लेकरांच्या परीक्षेची तारीख लिहिलेली नाही. पेपर कोणत्या दिवशी संपतो ते आणि हरभरा कधी निघेल याचा अंदाज कळवा. कॅलेंडर समोरच आहे, अमावास्येच्या जवळचे चार दिवस काढून देतो.